मिठागरातले गुलाबी जीव : हॅलोआर्किया

खाजण

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ते फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरले, पण ते ज्यांनी केलं त्या जीवांबद्दल पुढे कोणी फारसं बोललं नाही, म्हणून हा धागा काढतेय. माझी पीएचडी यांच्यावरच झाली त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तेव्हा लोणारच्या पाण्याचे नमुने तपासले आणि रंग हॅलोआर्कियाचा आहे असं सांगितलं. आधी बऱ्याच जणांना वाटत होतं की ड्युनालिएला नावाच्या शेवाळामुळे झालंय. त्या वर्षी पाणी आटून क्षार वाढले, उष्णता होती, आणि हे जीव एकदम फोफावले. नमुन्याची बाटली नुसती स्थिर ठेवली की जीव तळाशी बसायचे आणि वरचं पाणी नितळ दिसायचं, म्हणजे पाण्यात कसलं रसायन विरघळलेलं नव्हतं, रंग पेशींचाच होता.

तर हॅलोआर्किया म्हणजे काय. सूक्ष्मजीवच, पण बॅक्टेरिया नाहीत. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवलं की जीवसृष्टीत बॅक्टेरियापेक्षा वेगळी अशी अजून एक शाखा आहे, तिलाच आपण आज आर्किया म्हणतो, आणि मिठात राहणारे हे जीव त्याच शाखेतले निघाले. त्यांच्या पेशीच्या पापुद्र्यातली चरबीसुद्धा वेगळ्या रासायनिक बंधाने जोडलेली असते, आपल्यात आणि बॅक्टेरियात एस्टर बंध, यांच्यात ईथर बंध, जो सहजासहजी तुटत नाही.

आता मुख्य गोष्ट. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं. यांना किमान ९-१० टक्के लागतं आणि खरे खुश असतात २० ते २५ टक्क्यांत, म्हणजे जिथे मीठ जवळजवळ खडे धरायला लागतं तिथे. लोणच्यात आपण मीठ घालतो ते याचसाठी ना, की मीठ जंतूंच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतं आणि ते मरतात. मग हे का मरत नाहीत? तर हे स्वतःच्या पेशीतच तितकेच क्षार भरून घेतात, फक्त सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड, बाहेरच्या मिठाच्या तोडीस तोड. आत-बाहेर समान झालं की पाणी ओढलं जायचा प्रश्नच मिटला. पण एवढ्या क्षारात साधं प्रथिन टिकत नाही, गोळा होऊन बसतं. म्हणून यांच्या जवळजवळ सगळ्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋण भाराची अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात, ती स्वतःभोवती पाणी आणि पोटॅशियम धरून ठेवतात. याची किंमत मोठी आहे. मीठ कमी झालं की तेच ऋण भार एकमेकांना ढकलतात, प्रथिनं उलगडतात, आणि पेशी साध्या पाण्यात टाकली तर काही क्षणांत फुटून जाते. आपल्याला जे पाणी जीवन वाटतं ते यांचं मरण.

मला जे तळमळीने सांगायचंय ते हे की या "निरुपयोगी" खाऱ्या डबक्यांतल्या जीवांमुळे आधुनिक जीवशास्त्रातले किमान तीन मोठे दरवाजे उघडलेत, आणि ते शोधणाऱ्या कोणालाही सुरुवातीला माहीत नव्हतं की यातून हे निघेल. पुढच्या प्रतिसादात लिहिते.

दर्यावर्दी

खाजण ताई, मस्त धागा. आम्ही उरणकडचे, आजोबांचं मिठागर होतं. शेवटच्या वाफ्यांत मीठ धरायच्या आधी पाणी लालसर गुलाबी व्हायचं आणि आजोबा म्हणायचे पाणी "पिकलं", आता मीठ चांगलं येणार. ते हेच का? आणि दुसरं, पावसाळ्यात तर सगळं आगर गोड्या पाण्याने भरून जातं, तुम्ही म्हणता गोड्या पाण्यात फुटतात, मग पुढच्या वर्षी परत येतात कुठून?

खाजण

@दर्यावर्दी दादा, हेच ते. आणि आजोबांचं निरीक्षण पक्कं होतं. लाल पाणी ऊन जास्त शोषतं, तापतं आणि लवकर आटतं, जगभरातले मीठ पिकवणारे लाल पाण्याला चांगलं लक्षण मानतात.

दुसरा प्रश्न फार सुंदर आहे. मिठाचा खडा बनताना त्यात अगदी बारीक पोकळ्या राहतात, त्यांत खारं पाणी अडकतं आणि त्या पाण्यात हे जीव. बांधावर, राशीत, कोरड्या कोपऱ्यात असे खडे राहतात, तळाच्या चिखलातही खारट थर असतो. हिवाळ्यात परत खाडीचं पाणी घेतलं, ते आटून पुरेसं खारट झालं, की त्यात खडे विरघळून जीव मोकळे. अमेरिकेत डेथ व्हॅलीतल्या मिठाच्या थरांतून, सुमारे ३४ हजार वर्षं जुन्या खड्यांच्या पोकळ्यांमधून, हॅलोआर्किया जिवंत वाढवले गेलेत. चार महिन्यांचा पावसाळा त्यापुढे काहीच नाही.

आता ते तीन दरवाजे.

पहिला. १९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी हॅलोबॅक्टेरियमच्या (नावात बॅक्टेरियम असलं तरी हा हॅलोआर्कियाच) पापुद्र्यात जांभळे चट्टे का असतात ते शोधलं. त्यात एक प्रथिन निघालं ज्याला रेटिनल जोडलेलं होतं. रेटिनल म्हणजे आपल्या डोळ्यात प्रकाश पकडणारा, अ जीवनसत्त्वापासून बनणारा रेणू, आणि तो मिठातल्या एकपेशीय जिवात! त्याचं नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. हे प्रथिन हिरवा-पिवळा प्रकाश शोषतं आणि प्रत्येक वेळी एक प्रोटॉन पेशीबाहेर फेकतं. बाहेर प्रोटॉन साठले की ते आत यायला धडपडतात आणि येताना एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवणारं यंत्र फिरवतात, धरणात पाणी चढवून ठेवावं आणि खाली सोडताना त्यावर जनित्र फिरवावं तसं. दाट खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून श्वसन अपुरं पडलं की उन्हावर काम चालवायची ही सोय. हरितद्रव्य नाही, कार्बन डायॉक्साइडपासून साखर बनवणं नाही, फक्त एक प्रथिन आणि ऊन.

त्यावेळी पीटर मिचेल यांचा सिद्धांत, की पेशीत एटीपी प्रोटॉनच्या अशा साठ्यावर बनतं, बऱ्याच शास्त्रज्ञांना पटत नव्हता. १९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि स्टोकेनियस यांनी चरबीच्या कृत्रिम पिशव्या बनवल्या, त्यांत एका बाजूला हे जांभळं प्रथिन आणि दुसरीकडे बैलाच्या हृदयातून काढलेलं एटीपी बनवणारं एन्झाइम बसवलं, आणि उजेड पाडला. एटीपी बनलं! आर्कियाचं प्रथिन आणि गुराचं एन्झाइम, दोघांमध्ये प्रोटॉनशिवाय दुसरा काहीही दुवा नाही. १९७८ मध्ये मिचेलना नोबेल मिळालं. माझ्या मते जीवशास्त्रातला इतका स्वच्छ प्रयोग दुसरा दाखवणं अवघड आहे.

आणि याच प्रथिनावर रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काम करून पापुद्र्यातल्या प्रथिनाचा पहिला त्रिमितीय आकार दाखवला, पापुद्र्याच्या आरपार जाणारे सात दांडे. तिथून निघालेली वाट पुढे क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीपर्यंत (गोठवलेल्या नमुन्यांवरची) आली आणि २०१७ च्या नोबेलमध्ये हेंडरसन होते.

बाकीचे दोन उद्या लिहिते, लॅबमधून उशिरा आलेय.

सुपर्णा_क

खाजण, दुसऱ्या दरवाज्याबद्दल मी लिहू का, कारण मी इथे बॉस्टनला न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये आहे आणि आमचं रोजचं काम या जीवांच्या प्रथिनांवरच चालतं. ऑप्टोजेनेटिक्स म्हणजे मेंदूतल्या ठराविक पेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाचं जीन घालायचं आणि मग प्रकाशाने त्या पेशी चालू-बंद करायच्या. चालू करायचं प्रथिन, चॅनलऱ्होडॉप्सिन, ते एका हिरव्या शेवाळातून आलंय. पण बंद करायचं काय? तिथे हॅलोआर्किया आले. २००७ मध्ये हॅलोऱ्होडॉप्सिन वापरलं गेलं, ते पिवळ्या प्रकाशात क्लोराइड आत ओढतं आणि न्यूरॉन गप्प होतो. हे ज्या जिवातून घेतलं तो नॅट्रोनोमोनास फॅराओनिस, इजिप्तच्या वादी नत्रुन इथल्या सोडा सरोवरातला, म्हणजे लोणारसारखंच अल्कधर्मी खारं पाणी. २०१० मध्ये आर्च नावाचं दुसरं प्रथिन आलं, ते हॅलोरुब्रम सोडोमेन्स या मृत समुद्रातल्या जिवाचं, ते प्रोटॉन बाहेर फेकून न्यूरॉन बंद करतं. उंदराच्या मेंदूत कोणता पेशीसमूह भीती निर्माण करतो, कोणता झोप आणतो, हे एकेक बंद करून बघता येतं ते यामुळे. २०२१ चा लास्कर पुरस्कार, वैद्यकशास्त्रातला फार मानाचा, कार्ल डायसरोथ, पीटर हेगमन आणि ओस्टरहेल्ट या तिघांना मिळाला. जांभळ्या चट्ट्याच्या कुतूहलाला पन्नास वर्षांनी मिळालेली ती दाद होती आणि आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी सगळे खूप आनंदात होते. २०२२ मध्ये ओस्टरहेल्ट गेले.

बुलढाणेकर

वाचतोय, जबरदस्त. मी लोणारजवळचाच. त्या वर्षी लॉकडाउन होता म्हणून माणसांची ये-जा नव्हती, वर उभं राहून बघितलं तर खरंच अंगावर काटा आला. पाऊस पडल्यावर रंग गेला. गावात काही लोक याला अशुभ म्हणत होते, काहींनी तर कोणीतरी केमिकल टाकलं अशी पोस्ट फिरवली. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातलं म्हणून तपासणी वेगाने झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं. ताई, फ्लेमिंगोचा गुलाबी रंग पण यांच्यामुळेच का?

खाजण

@बुलढाणेकर, फ्लेमिंगोचा रंग खाण्यातून येतो, शेवाळं, मिठातली कोळंबी म्हणजे आर्टेमिया, आणि पाण्यातले हे सूक्ष्मजीव, यांतल्या कॅरोटीनॉइड रंगद्रव्यांतून. हॅलोआर्कियाचं मुख्य रंगद्रव्य बॅक्टेरिओरुबेरिन, ५० कार्बनचं, गाजरातलं ४० कार्बनचं असतं. ते नुसतं दिसायला नाही, कडक उन्हात पेशीत तयार होणारे घातक रेणू ते निष्प्रभ करतं. हॅलोबॅक्टेरियम एनआरसी-१ हा प्रकार गॅमा किरणांचा ५ किलोग्रेचा (५,००० ग्रे, ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप) मारा सोसून उरतो, माणसाला ५ ग्रे जीवघेणे ठरतात. त्याला कारण रंगद्रव्य एकटं नाही, डीएनएच्या दुरुस्तीची व्यवस्था चोख आहे आणि एकेका पेशीत जनुकसंचाच्या अनेक प्रती असतात, एक तुटली तर दुसरी बघून जोडता येते.

सुपर्णा, फार छान लिहिलंस. आता तिसरा दरवाजा, आणि हा माझा सगळ्यात लाडका आहे.

स्पेनमध्ये अलिकांतेजवळ सांता पोला म्हणून गाव, तिथे मोठी मिठागरं आहेत. फ्रान्सिस्को मोहिका नावाचा विद्यार्थी तिथल्या हॅलोफेरॅक्स मेडिटेरेनाय या जिवाच्या डीएनएचा अभ्यास करत होता, प्रश्न एवढाच की मीठ कमी-जास्त झालं की याची जीन्स कशी बदलतात. त्यात त्याला एक विचित्र गोष्ट दिसली, ३० अक्षरांचा एकच तुकडा परत परत, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये सुमारे ३६ अक्षरांचं काहीतरी प्रत्येक वेळी वेगळं. ते १९९३ मध्ये छापलं. असं काहीसं १९८७ मध्ये जपानी गटाला इ. कोलायमध्येही दिसलं होतं पण त्याचा अर्थ लागला नव्हता. मोहिकाने मात्र ते सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्याच्या मागे राहिला, क्रिस्पर हे नावही त्यानेच सुचवलं, आणि शेवटी त्याच्या लक्षात आलं की मधले वेगळे तुकडे हे विषाणूंच्या डीएनएचे आहेत, म्हणजे ही त्या जिवांची प्रतिकारशक्ती आहे, आधीच्या हल्ल्यांची नोंदवही. तो पेपर छापून यायला २००५ उजाडलं कारण मोठ्या नियतकालिकांनी परत पाठवला. पुढचं सगळ्यांना माहितेय, क्रिस्पर वापरून डीएनए हवा तिथे कापायच्या तंत्रासाठी २०२० चं नोबेल डाउडना आणि शार्पांतिए यांना. आज सिकलसेलवर जी जीन-उपचार पद्धती आली ती क्रिस्परवरच आहे. सुरुवातीच्या धाग्याचं एक टोक मिठागरात आहे हे मला प्रत्येक वेळी आठवतं, आणि म्हणून मुलुंड-भांडुप-कांजूरमार्गच्या मिठागरांना लोक "पडीक जमीन" म्हणतात तेव्हा जीव कळवळतो. आपण त्यांतले किती जीव नीट बघितलेत?

आसवनी_अभियंता

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, त्यामुळे थेट मुद्द्याचं विचारतो. हॅलोफेरॅक्स मेडिटेरेनाय हे नाव मी प्लास्टिकच्या संदर्भात वाचलंय. पीएचबीव्ही. स्पेंट वॉशचं, म्हणजे अल्कोहोल काढून उरणाऱ्या सांडपाण्याचं, काय करायचं हा आमचा कायमचा घोर आहे, यातून काही होईल का?

खाजण

@आसवनी_अभियंता, हो तोच जीव. जास्त खाणं मिळालं की तो पेशीत पीएचबीव्ही नावाचं पॉलिएस्टर साठवतो, जे मातीत आणि समुद्रातही कुजतं. बहुतेक जिवाणूंना पीएचबीव्ही बनवायला प्रोपिओनिक आम्लासारखं महागडं काहीतरी वेगळं घालावं लागतं, हा साध्या साखरेपासून स्वतःच बनवतो. जाधवपूर विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये स्पेंट वॉशवरच हे करून दाखवलंय, आधी कोळशातून गाळून त्यातली फिनॉलं काढली आणि मग वाढवलं. गोव्यात बिट्स पिलानीच्या संशोधकांनी दुसऱ्या एका हॅलोआर्कियाला उसाच्या चिपाडाच्या रसायनाने मोडलेल्या साखरेवर वाढवून २०१७ मध्ये पीएचबीव्ही मिळवलं.

दोन मोठे फायदे. एक, २०-२५ टक्के मिठात दुसरा जंतू सहसा घुसत नाही, त्यामुळे सगळं निर्जंतुक करायला लागणारी वाफ वाचते. दोन, पेशी साध्या पाण्यात टाकल्या की फुटतात आणि प्लास्टिकचे कण मोकळे होतात, क्लोरोफॉर्मसारखी सॉल्व्हंट लागत नाहीत.

आसवनी_अभियंता

फायदे पटले पण आमच्या बाजूने अडचण सांगतो. एवढं क्लोराइड आणि हवा आणि ४० डिग्री, यात ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला काही महिन्यांत खड्डे पडतील, ३१६ पण फार टिकणार नाही. म्हणजे टाकीला आतून अस्तर, नाहीतर फायबरची टाकी, पंपाची झडप, सेन्सर, सगळं वेगळं. आणि काम झाल्यावर ते मीठ कुठे सोडायचं? शेतात तर नाहीच, आमच्याकडे आधीच जमिनी क्षारपड झाल्यात, सांगली-कोल्हापूरकडे जाऊन बघा. मीठ परत मिळवायची सोय नसेल तर एका प्रदूषणाच्या जागी दुसरं. त्यामुळे प्रयोगशाळेत १०० टक्के चाललं तरी कारखान्यात मीठाचं चक्र बंद केल्याशिवाय मी याला हात लावणार नाही.

खाजण

अगदी खरं, आणि हे पेपरमध्ये दोन ओळींत उरकतात म्हणून तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. जाधवपूरच्या त्याच गटाने मीठ परत मिळवून पुन्हा वापरण्यावरही काम केलंय, पण मोठ्या प्रमाणावर त्याचा हिशोब बसवणं हेच खरं काम आहे. मला वाटतं पहिली जागा साखर कारखाना नसावी, जिथे खारं सांडपाणी आधीच आहे तिथे हे आधी बसेल, चामड्याचे कारखाने, मासे खारवणारे, लोणच्यांचे उद्योग, आणि मिठागरं तर आहेतच, जिथे ऊन, मीठ आणि उघडे मातीचे वाफे फुकट आहेत, स्टीलचा प्रश्नच नाही. यांची एन्झाइमं पण अशीच, कमी पाण्यात काम करायची सवय असल्याने सॉल्व्हंटमध्येही टिकतात, पण मीठ लागतं म्हणजे लागतंच.

जिथे किलो-टनात माल लागत नाही तिथे मात्र चित्र आशादायक आहे. हेच जीव प्रथिनांच्या पोकळ पिशव्यांत वायू भरून पाण्यावर तरंगतात. त्या पिशव्या २०१४ मध्ये कॅलटेकच्या मिखाइल शापिरो यांच्या गटाने अल्ट्रासाउंडमध्ये दिसणारी खूण म्हणून वापरल्या. शिलादित्य दासशर्मा, ज्यांच्या पुढाकाराने २००० साली एनआरसी-१ चा जीनोम पूर्ण वाचला गेला, त्यांनी याच पिशव्यांवर रोगजंतूंचे तुकडे बसवून लशीची कल्पना पुढे नेली. आणि बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचे थर रचून निकामी झालेल्या दृष्टिपटलासाठी कृत्रिम पडदा बनवण्याचं काम अमेरिकेत चालू आहे, थर एकसारखे बसावेत म्हणून त्याचे प्रयोग अंतराळ स्थानकात नेले.

दर्यावर्दी

ताई अजून एक, आमच्याकडे खारवलेल्या माशांवर कधीकधी लाल डाग येतात. आई ते फेकायची. खाल्ले तर चालतात का?

खाजण

तो लाल रंग बहुतेकदा यांचाच, उन्हात पिकवलेल्या कच्च्या मिठातून येतो. कॅनडात खारवलेल्या कॉड माशांवरचा लाल रंग तपासताना १९२२ मध्ये असेच जीव वेगळे केले होते. आर्कियातला कुठलाही जीव माणसाला रोग करतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी आईचंच ऐका. हे जीव माशाचं प्रथिन पचवतात, मासा बुळबुळीत होऊन वास सुटतो, आणि लाल डाग म्हणजे तो मासा दमट-उष्ण जागी राहिला याची खूण, तिथे बाकीचे घातक जंतूही वाढलेले असू शकतात. थंड आणि कोरड्या जागी ठेवला तर रंग धरत नाही.

अनन्या_मॅडम

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, शाळा अलिबागजवळ आहे. मुलांना हे प्रत्यक्ष दाखवता येईल का? मायक्रोस्कोप आहे, बाकी फार काही नाही.

खाजण

नक्की येईल, आणि तुमच्याकडे मिठागर जवळ आहे हे भाग्य. लाल पाणी असलेल्या शेवटच्या वाफ्यातलं पाणी रुंद तोंडाच्या बाटलीत आणा, अर्धीच भरा म्हणजे हवा राहील. पाणी मिळालं नाही तर न धुतलेलं, आयोडीन न घातलेलं जाडं मीठ चालेल, पिशवीतलं रिफाइंड नको. वाढवायचं तर एक लिटरला मीठ २५० ग्रॅम, एप्सम सॉल्ट २० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड २ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ३ ग्रॅम आणि पेप्टोन १० ग्रॅम. यातल्या पेप्टोनकडे (अर्धवट पचवलेल्या प्रथिनांची पूड) लक्ष द्या. काही कंपन्यांच्या पेप्टोनमध्ये पित्ताम्लांचे अंश असतात आणि त्याने या पेशी फुटतात, मग मुलांना वाटेल प्रयोग फसला. शंका असेल तर पेप्टोनऐवजी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम घाला. बाटली उबदार उजेडाच्या जागी ठेवा, रोज हलवा, आणि धीर धरा, रंग यायला आठवडे लागतात, हे सावकाश वाढणारे जीव आहेत. चव कोणी घ्यायची नाही, हात धुवायचे.

स्लाइडवर बघताना थेंब साध्या पाण्याने पातळ करू नका, त्याच खाऱ्या पाण्याचा थेंब घ्या. काड्यांसारखे, चपटे, वेडेवाकडे आकार दिसतील. चौकोनी, अगदी पातळ, टपाल तिकिटासारख्या सरळ कडांचे काही दिसले तर मुलांना सांगा की हे हॅलोक्वाड्रॅटम असू शकतात, अँथनी वॉल्सबी यांना १९८० मध्ये सिनाईच्या किनाऱ्यावरच्या डबक्यात दिसले आणि प्रयोगशाळेत वाढवायला २००४ उजाडलं. मग काचेच्या कडेने साध्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि एकेका मुलाला डोळा लावून बघू द्या. काड्या आधी गोल होतात आणि मग दिसेनाशा होतात.

अनन्या_मॅडम

पेप्टोन कुठून मागवायचं ते व्यनि (खासगी निरोप) करून विचारते. आणि मार्चमध्ये मुलांना घेऊन वाफ्यांवर जायची परवानगी मागतेय, तुम्ही किंवा दर्यावर्दी दादा कोणी येऊ शकाल का?

दर्यावर्दी

मी येतो. मार्चअखेर पाणी चांगलं लाल असतं, सकाळी लवकर निघा.